बॅटरी जोडताना उडणारी ठिणगी

इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला मिस्त्री येतो, शेवटची तार लावतो आणि ‘चट्’ करून ठिणगी उडते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे घडले असेल. लहान मुले दचकतात, मिस्त्री हसतो आणि चहा पिऊन जातो. माझे आयुष्य चंद्रपुरात मोटार वाइंडिंगच्या धंद्यात गेले, तेव्हा ठिणगी माझ्या चांगल्या ओळखीची. पण तिच्याविषयी नीट बोलायची वेळ आली ती भाच्यामुळे.

भाचा वडशाचा, शिकायला आमच्याकडे राहतो. नागपुरात एनसीसीच्या एअर विंगची मुले लहान विमाने उडवतात, ते पाहून आला आणि त्यालाही नाद लागला. हलक्या फोमचे, विजेच्या मोटारीवर चालणारे विमान त्याने स्वतः बांधले. बॅटरी लिथियमची, सहा सेलची. पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण २५.२ व्होल्ट. ती जोडताना दर वेळी मोठा फटाका वाजे. बाजीला, म्हणजे त्याच्या अम्मीला, ते मुळीच आवडत नसे. “शौक कर बेटा, पण घर जाळू नकोस,” एवढेच ती फोनवर म्हणे.

ठिणगीचे कारण सोपे आहे. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये कपॅसिटर असतात. ते रिकामे असले की पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसर्किटसारखेच वागतात. लिथियम बॅटरीला आतला अडथळा फार कमी, म्हणून निमिषभर प्रचंड करंट धावतो. प्लगच्या टोकावरचा धातू वितळतो, खड्डे पडतात, काजळी धरते. तीन सेलच्या छोट्या बॅटरीत हे फारसे जाणवत नाही. व्होल्टेज वाढले की जाणवते.

मार्चमधल्या एका रविवारी, धान निघालेल्या मोकळ्या बांधीवर, त्या झिजलेल्या प्लगने हवेतच साथ सोडली. रिसिव्हरलाही वीज त्याच बॅटरीची, त्यामुळे विमान हातातूनच गेले. पडले ते बांधीत. तिथून वीसेक पावलांवर सागाचा वाळलेला पाचोळा होता. हे दिवस मोहफुलांचे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत याच दिवसांत जंगलाला आगी लागतात. बॅटरी चेपली होती. आम्ही ती फावड्यावर उचलून उघड्या मातीत ठेवली आणि असरची वेळ होईपर्यंत लांब बसून राहिलो. अल्हम्दुलिल्लाह, धूरही निघाला नाही. पण भाच्याचा चेहरा उतरला होता. जंगलाला आग लागली असती तर बोट कोणाकडे गेले असते, हे त्याला न सांगता कळले होते.

त्या रात्री दोघे बसलो. उपाय एकच: कपॅसिटर आधी हळू भरू द्यायचा. बाजारात ॲंटी-स्पार्क प्लग मिळतो. त्यात साधारण साडेपाच ओहमचा छोटा रेझिस्टर असतो. प्लग आत सरकताना आधी तो लागतो, करंट साडेचार अँपिअरच्या वर जात नाही, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत कपॅसिटर भरतो. मग मुख्य टोके भिडतात. म्हणून झटक्यात दाबायचे नाही, पहिला स्पर्श झाल्यावर क्षणभर थांबून पूर्ण बसवायचे. रिमोट आधी सुरू, थ्रॉटल शून्यावर, आणि पंख्यासमोर कोणी उभे नाही. अर्धवट बसलेल्या प्लगवर मोटार फिरवली तर तो इवलासा रेझिस्टर जळतो.

जुना प्लग घासून चालवू, असे तो म्हणत होता. मी तो कापूनच टाकला. खड्डे पडलेली टोके पुन्हा तापतातच.

ठिणगी गेली म्हणून लिथियमचा धोका गेला, असे मात्र नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, गादीवर ठेवून चार्ज करायची नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत सोडायची नाही. आणि घरच्या इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी: लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो. तिथे आधी इन्व्हर्टर बंद करायचा, खिडकी उघडायची, थोडा वेळ थांबायचे आणि मगच तारांना हात लावायचा. मिस्त्री घाईत असला तरी त्याला थांबवा.

विमान आता फेब्रुवारीनंतर पाऊस पडेपर्यंत उडत नाही. जंगलालगत तर कधीच नाही, आणि वडशाकडे पोलिसांना विचारल्याशिवाय नाही. ही अट बाजीची. ईदला आली तेव्हा भाच्याने तिच्यासमोर बॅटरी जोडून दाखवली. ती कान देऊन बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “आवाज तर आला नाही. नीट लागली ना रे?”