काळोख किती राखावा

वर्ध्यात मी इंकजेट यंत्रावर कलामुद्रणे काढतो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम फ्लेक्सचे फलक आणि त्यांवर हात जोडून उभे असलेले भावी नगरसेवक येतात. यात त्याचा दोष नाही, कारण यंत्रांचे कुळ खरोखरच एक आहे. भेद आहे तो शाईचा, कागदाचा आणि छायेच्या हिशेबाचा. 1991 साली कॅलिफोर्नियात गायक ग्रॅहॅम नॅश यांच्या नॅश एडिशन्सने, छापखान्यांच्या कच्च्या प्रुफांसाठी बनविलेले आयरिस यंत्र कलाकृतींच्या कामी जुंपले, तेव्हा त्याची शाई उजेडात लवकर विटत असे. 2000 च्या सुमारास रंगद्रव्याचे कण असलेल्या शाया आल्या आणि मगच या मुद्रणांच्या आयुष्याविषयी काही खातरीने बोलता येऊ लागले.

छायेचा विषय निघाला की मला कनू गांधी आठवतात. इथल्या वर्ध्यातल्या मगनवाडीला ज्या मगनलाल गांधींचे नाव लाभले, त्यांचे हे सख्खे पुतणे. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून कॅमेरा घेऊन ते सेवाग्रामात बापूंची छायाचित्रे काढू लागले, पण परवानगीसोबत तीन अटी होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, बापू छायाचित्रासाठी म्हणून बसणार नाहीत, आणि आश्रमाच्या खजिन्यातून खर्चास काही मिळणार नाही. मातीच्या भिंतींच्या खोलीत, दारा-झरोक्यांतून येईल तेवढ्याच उजेडावर घेतलेली अशी चित्रे मुद्रकाने संगणकावर लख्ख उजळून छापली, तर बापूंनी नाकारलेला फ्लॅश त्याने ऐंशी वर्षांनी मागच्या दाराने आत आणला, असेच मी समजतो.

परंतु काळोख राखणे म्हणजे काळे फासणे नव्हे. माझ्या यंत्रात विजेच्या स्पंदाने वाकणारा स्फटिकाचा पापुद्रा शाईचा थेंब बाहेर ढकलतो. तो थेंब सुमारे 4 पिकोलिटरचा, आणि पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. एका गडद काळ्या शाईच्या जोडीला तिच्याच दोन फिक्या छटा असतात, आणि सावलीतला जीव या फिक्या छटांत असतो. सेवाग्रामातल्या बापूकुटीच्या भिंतीवर बापूंच्या शिष्या मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडे आहेत. त्यांचे तिरप्या उन्हातले छायाचित्र छापताना झाडाच्या कडेची सावली आणि लिंपणावरून फिरलेल्या हाताचा खळगा यांत जेमतेम एका छटेचे अंतर उरते, आणि पडद्यावर स्पष्ट दिसणारे ते अंतर, आतून उजेड नसलेल्या कागदावर हटकून बुजते. म्हणून आधी चार बोटे रुंदीची पट्टी काढायची, ती रात्रभर सुकू द्यायची, आणि सकाळी खिडकीशी नेऊन पाहायची. ओल्या मुद्रणावर निकाल देऊ नये, हा माझ्या दप्तरातला शिरस्ता.

कागदाची कैफियत निराळी आहे. उत्तम कलाकागद कापसाचा, बहुधा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंचा. हिंगणघाटच्या जिनांतून गाड्याच्या गाड्या सरकी बाहेर पडते, आणि आम्ही मात्र 1584 पासून चालत आलेल्या हानेम्यूले या जर्मन गिरणीचा कागद आणतो! ग्रामोद्योग चालवणाऱ्या कुमारप्पांच्या काळी मगनवाडीत हातकागद होत असे, आणि तसल्या कागदाविषयी मला ममत्व आहे. पण त्यावर शाई थोपवून धरणारा सिलिकाचा लेप नसतो, त्यामुळे ती तंतूंत मुरते आणि काळा राखाडी होतो. लेप दिलेल्या कागदालाही खोड असते : त्याच्या पृष्ठावर सुटे तंतू राहतात, छापताना त्यांच्यावर शाई पडते, आणि पुढे ते गळाले की भर सावलीत पांढरा ठिपका उमटतो. म्हणून प्रत्येक ताव यंत्रात घालण्यापूर्वी मऊ कुंचल्याने झाडावा लागतो, आणि गिऱ्हाइकाला हे झाडणे म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा वाटतो.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की कोरड्या हवेने शाई छिद्रांच्या तोंडाशीच सुकते आणि चाचणीच्या जाळीत रेघा तुटतात. कूलर ही विदर्भाची गरज यंत्रालाही मानवते, मात्र त्याचा झोत तावांवर येऊ न देण्याची तजवीज हवी. पावसाळ्यात उलट तक्रार : ताव दमट होऊन लाटा धरतात, यंत्राच्या मुद्रणमुखाला घासतात.

एवढे सारे करून मुद्रण हाती दिले, तरी "थोडे उजळ करा" हा आग्रह चुकत नाही. मी ते मुद्रण ट्यूबलाइटखालून उचलून गिऱ्हाइकासह खिडकीशी नेतो, कारण दिव्याखालचा करडा आणि उन्हातला करडा एक नव्हे. तिथेही त्याचे समाधान झाले नाही, तर तो ते घरात कोठे लावणार हे मी विचारतो. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या भिंतीवर लावायचे असेल तर खालच्या छटा किंचित वर उचलतो, कारण तेथे त्याची मागणी रास्त असते; दारासमोरच्या भिंतीसाठी मात्र उचलत नाही, आणि पैसे तेवढेच घेतो.