‘लेडीज चली हुई’

जयपुरात जुन्या स्कूटरवर किमतीची चिठ्ठी क्वचित असते, चारित्र्याचा दाखला मात्र हमखास. ‘सिंगल हँड.’ ‘इंजन खुला नहीं है.’ ‘लेडीज चली हुई.’ यातला तिसरा सगळ्यात वजनदार. बाईने चालवलेली म्हणजे हळू चालवलेली, कुठे न आपटलेली, घर-शाळा-भाजी एवढ्यापुरतीच फिरलेली. एका ठिकाणी तर ‘लेडी डॉक्टर की गाड़ी’ निघाली. म्हणजे वर शिक्षणही. टोंक रोडला सकाळी बस आणि दुभाजक यांच्या मधल्या फटीतून, तोंडाला ओढणी गुंडाळून सुसाट जाणाऱ्या मुली मी रोज बघते. हा दाखला ज्याने काढला त्याने त्या बघितलेल्या नसाव्यात.

*

बँकेने इथे बदली दिली, घर मानसरोवरात मिळालं. मेट्रो जवळून जाते, पण माझी शाखा तिच्या वाटेवर नाही, आणि ई-रिक्षावाल्यांशी दोन्ही वेळा हुज्जत घालायचा कंटाळा येतो. नवी अ‍ॅक्टिव्हा विमा-नोंदणी धरून लाखाच्या घरात जाते. काही वर्षांत पुन्हा बदली ठरलेलीच. म्हणून जुनी. याआधी चालवलेल्या गाड्या बाबांच्या होत्या, मग नवऱ्याच्या. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घ्यायची ही पहिलीच.

*

बाबांची प्रिया होती, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची. सरकारी महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ साली काढलेली ती कंपनी. तेव्हा स्कूटर विकत घेत नसत, तिचा नंबर लावत. आकुर्डीच्या चेतकसाठी तर माणसं वर्षानुवर्षं थांबत. नंबर लागला की काही जण पेढे वाटत आणि काही जण तो नंबरच विकून टाकत. वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग विकली जायची, कारण ती आज मिळत होती.

जॉर्ज अकेरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, त्याबद्दल २००१ साली त्याला नोबेल मिळालं. शोरूमबाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत एवढी का घसरते, हा त्याचा प्रश्न. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते; म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खोडकर धरून भाव पाडतो, असं त्याचं उत्तर. गंमत अशी की १९६७-६८ मध्ये हे गृहस्थ वर्षभर दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. म्हणजे शोरूमबाहेर पडल्यावर स्कूटरचा भाव चढायचा त्या देशात.

*

जुन्या गाड्या तपासायला मी सोबत नेते त्या मिस्त्रीच्या दुकानासमोर एक जुनी चेतक कायमची उभी असते. मी म्हटलं, ही आमच्या पुण्याची. तो म्हणाला, ‘कैसे? घोड़ा हमारा, सेठ हमारा.’ तसं त्याचं खरंच आहे. घोडा राणा प्रतापाचा, १५७६ च्या हळदीघाटीतला. आणि जमनालाल बजाज सीकर जिल्ह्यातल्या काशी का बासचे. लहानपणी वर्ध्याच्या बजाज घरात दत्तक गेले. पण पत्रा कापला, घडवला, रंगवला तो आकुर्डीत, हे मी सोडलं नाही. आता हिशेब उलटा झालाय. होंडाने २०११ मध्ये अलवरकडे टपूकड्याला कारखाना घातला; अ‍ॅक्टिव्हा इथलीच.

*

मिस्त्री गाडी कशी बघतो, ते लिहून ठेवण्याजोगं आहे.

आधी तळहात इंजिनाला. गरम लागलं तर तो पुढे बघतच नाही. आपण येणार म्हणून मालकाने आधीच चालू करून ठेवलेली असते. थंड गाडी सकाळी किती किका मागते, तेच नेमकं लपवायचं असतं. ‘कल सुबह आएँगे, हाथ मत लगाना,’ एवढं सांगून तो निघतो. दुसऱ्या दिवशी बटण न दाबता किक मारतो. मग सायलेन्सरच्या तोंडाशी बसून धूर बघतो. निळसर असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते सोपं.

मग एका गाडीचा मधला स्टँड लावून पुढचं चाक उचलून धरायला मला सांगितलं, आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सोडलं. मधोमध ते किंचित अडकलं. ‘कोन सेट गया.’ ही गाडी खड्ड्यात नाहीतर कशावर तरी जोरात गेली आहे. ‘लेडीज चली हुई’ होती ही.

त्यानंतर टायर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर अकरा हजार किलोमीटर, आणि दोन्ही टायर २०२२ चे. अकरा हजारात कोणी दोन्ही टायर बदलत नाही. मिस्त्रीने काही न बोलता पुढच्या चाकापासून मीटरकडे जाणाऱ्या केबलला बोट लावलं. ती काढून ठेवली की गाडी पळते आणि मीटर झोपतो. खरा मीटर म्हणजे हँडलची रबरं, ब्रेकचा दांडा आणि पाय ठेवायच्या जागेवरची घासलेली नक्षी. तिथली केबल काढता येत नाही.

शेवटी पुलिया. जयपुरात उड्डाणपुलाला पुलियाच म्हणतात. दोघांनी बसून चढावर न्यायची. पट्टा किंवा आतले रोलर झिजले असतील तर आवाज चढतो, गाडी चढत नाही. सिग्नलवरून सुटताना अंगात आल्यासारखी थरथरली तर क्लच. या सगळ्याचे त्याने माझ्याकडून घेतले दोनशे रुपये. आणि वर, ‘मैडम, ये मत लो.’

*

वाळूचा मुद्दा पुण्याच्या माणसाला सुचणार नाही. मे-जूनच्या आँधीत इथली हवाच तांबूस होते. एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला की पुढे छोटा ढीग होतो. त्या गाडीने तेच श्वासातून आत घेतलेलं असतं. फिल्टर कोरा करकरीत दिसला तरी खूश होऊ नये. तो कालच घातलेला असू शकतो.

पाण्याचाही एक आहे. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात गलता गेटकडच्या वस्त्यांमध्ये डोंगरावरची माती वाहून आली आणि गाड्याच्या गाड्या गाडल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ नंतर धुऊन उभ्या राहिल्या असणार. म्हणून सीटखालचे, आतल्या अंगाचे स्क्रू बघायचे. बाहेरचा रंग कोणीही मारतो. आतल्या स्क्रूचा गंज कोणी काढत बसत नाही.

*

हेडलाइटचं बटण शोधा. नसेल तर गाडी बहुधा एप्रिल २०१७ नंतरची. तेव्हापासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा सतत चालू राहणं सक्तीचं झालं. विकणारा ‘सत्रह का मॉडल’ म्हणतो आणि दिव्याचं बटण समोर दिसतंय, तर निदान महिना तरी विचारून घ्यावा.

*

कार्बोरेटर की इंजेक्शन? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि स्कूटरमधून कार्बोरेटर गेला. नवी पद्धत पेट्रोल मोजून देते, धूर कमी, हे सगळं कबूल. पण कार्बोरेटर कुठल्याही पिंपळाखालचा मिस्त्री उघडून, फुंकून, लावून देतो. सेन्सर बिघडला की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वारी. हवेचं भलं एकीकडे आणि माझी सकाळची वेळ दुसरीकडे. मी २०१९ ची शोधली.

*

एक गाडी बघायला ब्रह्मपुरीत गेले. गल्लीत वळताना पुंडरीकजींची हवेली लागली. रत्नाकर पौंडरीक हे सवाई जयसिंगाचे गुरू, आपल्याकडचे. १७२७ साली हे शहर वसवणाऱ्या राजाच्या पदरी मराठी भटजी होते, हे इथल्या मराठी माणसाला कोणीतरी पहिल्या आठवड्यात सांगतंच. भिंतींवरची चित्रं बघण्यासारखी आहेत.

गाडीही बघण्यासारखी होती. मिस्त्रीनेसुद्धा मान डोलावली. मग मी आरसी मागितली, तर नाव तिसऱ्याच कोणाचं. विकणाऱ्याने ती ज्याच्याकडून घेतली, त्याने ज्याच्याकडून घेतली, त्याचं. ‘टेंशन मत लो, दीदी. फॉर्म साइन करके रखे हैं, नाम आप भर लेना.’ आणि खरोखर, पिवळट पडलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०, खाली सही, बाकी मोकळं. ती सही दोन मालकांच्या खिशातून प्रवास करत माझ्यापर्यंत आली होती. पहिल्या मालकाला आपली स्कूटर आज कोण चालवतंय याचा पत्ताही नसणार.

हे इथलंच नाही. पुण्या-नाशकातही हेच चालतं. कायदा मात्र साधा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. त्यात एक मोटार २००७ पासून एका हातातून दुसऱ्या, तिसऱ्या हातात गेली. २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणीवर नाव पहिल्याचंच. न्यायालय म्हणालं, नोंदणीवर ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झालेल्या माणसावर ती आली.

म्हणून माझा क्रम आता उलटा आहे. आधी कागद, मग इंजिन. इंजिन मिस्त्री दुरुस्त करून देतो. नोंदणीवर नाव असलेला माणूस सापडत नसेल तर तो कोण दुरुस्त करणार?

*

बँकवाली म्हणून एक. कर्ज फिटलं की लोकांना वाटतं, सुटलो. बँकेचं पत्र कपाटात जातं आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. ते उतरवायला फॉर्म ३५ वर बँकेची सही लागते, आणि ती आरटीओत द्यावी लागते. मी काउंटरच्या आतून हे कितीतरी जणांना सांगितलंय. ऐकून मान हलवतात आणि जातात.

*

विम्यातली गोम. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. पाच वर्षं विम्याचा विचारच करायचा नाही, अशी सवय लागते. २०१९ च्या गाडीचा तो विमा २०२४ मध्ये संपला. ‘इंश्योरेंस है ना,’ असं मालक अगदी मनापासून सांगतो. खोटं बोलत नसतो, त्याने कागदावरची तारीख बघितलेली नसते.

*

शेवटी सापडली ती दुर्गापुऱ्यात. निवृत्त शिक्षक, पहिला मालक, आरसीवर तोच, कर्ज नाही. गाडी लेडीज चली हुई नव्हती. डाव्या बाजूला ओरखडा, तो त्यांनी स्वतः दाखवला. चाळीस सांगितले, चौतीसवर आले. डिसेंबरचा उत्तरार्ध होता, इथला मलमास, म्हणजे आपला धनुर्मास. या महिन्यात संक्रांतीपर्यंत इथे कोणी गाडी घेत नाही. भाव पाडायला याहून चांगला मुहूर्त नाही, हे माझं मत. शेजारच्या भाभीसांचं मत वेगळं. ‘मलमास में गाड़ी? लोग क्या कहेंगे!’ तोड निघाली: बयाणा आत्ता, गाडी संक्रांतीनंतर. मला ते वेगळ्याच कारणाने पटलं. संक्रांतीला जयपूरचं आकाश पतंगांनी भरतं आणि मांजा रस्त्यावर गळ्याच्या उंचीला येतो. बंदी असलेला नायलॉनचा मांजा दुचाकीवाल्याचा गळा कापतो. त्या दिवशी स्कूटर दारात उभी असलेली बरी.

*

बुधवारी मोती डुंगरीच्या गणपतीला. नव्या गाड्यांची रांग, हार, नारळ, बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक. माझ्या ओरखडेवालीला पुजाऱ्याने तेवढंच मोठं स्वस्तिक काढलं. जुनी की नवी हे त्याने विचारलं नाही.

*

झालाना डुंगरीचं आरटीओ. मागच्या डोंगरात बिबट्यांचं राखीव जंगल आहे, पुढे दलालांचं. मास्तर स्वतः आले होते, फॉर्म माझ्यासमोर भरले, तारीख घातली, मग सही केली. चेसिस नंबर उमटवून घ्यायचा होता. तिथल्या पोराने खडबडीत आकड्यांवर पेन्सिल घासली, वरून सेलोटेप दाबून उचलली आणि आकडे उलगडून कागदावर आले. ते आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून घ्यावेत. नुसतं ‘बरोबर आहे’ असं कोणी म्हटलं म्हणून सोडू नयेत. थकलेलं ई-चलन असेल तर तिथेच अडतं. मास्तरांचं एक होतं, हेल्मेटचं. त्यांनी तोंड वाकडं करून भरलं.

*

वाचणाऱ्यांपैकी कोणी कधी स्कूटर विकली असेल आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून ‘बघून घ्या’ म्हणून दिली असेल, तर एक करा. नंबर आठवत असेल तर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाका. मालकाच्या नावाची मधली अक्षरं झाकलेली दिसतात, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतं. ते अजून तुमचंच असेल तर विक्रीचा जो काही कागद असेल तो घेऊन आरटीओला लेखी कळवा, आणि पोच घ्या.