शॉकअप बदलायचे आहेत

२७ सप्टेंबर
घोणसे घाट उतरताना डावीकडून पुन्हा तोच आवाज. टक्. जरा थांबून टक्टक्. आईने मागे बसून दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरलेली. माणगावच्या डॉक्टरांनी मणक्याचा एक्स-रे बघून बजावलंय, दणके बसू देऊ नका. रस्ता माझ्या हातात नाही. गाडी आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. एकदा वर येऊन गाडी बसायला हवी. डुलत राहिली. मागे तर जास्तच. पोतं अंथरून खाली गेलो. मागचा उजवा शॉकअप तेलाने ओला, त्यावर लाल मातीचं पापुद्र्यासारखं पूट चढलेलं. पुढे डाव्या लिंक रॉडचं रबर फाटलंय. डावा टायर आतल्या कडेने खाल्लाय. २०१४ ची वॅगन आर. शॉकअप मूळचेच.

३० सप्टेंबर
पार्टच्या दुकानात चौकशी. शॉकअप जोडीनेच घ्यायचे. एकीकडे नवा आणि एकीकडे जुना ठेवून घाटातल्या वळणावर भरवसा कसा ठेवणार? २२ तारखेपासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा फरक पडला. मजुरी वेगळी. ती ऐकली आणि घरी येईपर्यंत एकच विचार. आपणच का बसवू नयेत?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
अप्पांची, माझ्या वडिलांची, हत्यारांची पेटी काढली. श्रीवर्धन आगारात एसटीच्या गाड्यांखाली त्यांचं आयुष्य गेलं. रिंग पाने, गोट्या, लांब दांडा. १७ च्या पान्यावर पंचने ठोकलेलं त्यांचं आद्याक्षर बोटाला अजून लागतं. तेलाचा हात फिरवला. हळदकुंकू, झेंडू. आई म्हणाली, "त्यांनी घरची सायकलसुद्धा कधी दुरुस्तीला बाहेर दिली नाही."
दिवसभर हेच डोक्यात.

३ ऑक्टोबर
जॅक आहे. स्टँड नाहीत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, अप्पांचा नियम. दोन स्टँड मागवले.

५ ऑक्टोबर, रविवार
लेक लोणेऱ्याहून आली. तिथल्या बाटू विद्यापीठात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वहीत आकृती काढून दाखवली. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. वरून सोडा, खालून सोडा, निघाला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट. स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली. वरचा नट सोडण्याआधी ती कॉम्प्रेसरने आवळावी लागते. "बाबा, पुढचं वजन पेलणारी स्प्रिंग आहे ती. सटकली तर हात जाईल."
१९५० मध्ये फोर्डने कॉन्सल गाडीत ही रचना आणली. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, म्हणून आज बहुतेक लहान गाड्यांत हीच.
आणखी एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. बुशचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर पिळलेलंच अडकतं आणि लवकर फाटतं. मला हे ठाऊक नव्हतं. पोरीचा अभिमान वाटला, तिला बोललो नाही. उद्या फोनवर सांगेन.

७ ऑक्टोबर
एका गॅरेजात विचारलं. म्हणाले, शॉकअपबरोबर स्पेसर टाकू, गाडी दीड इंच वर येईल, खड्डे लागणारच नाहीत. मोह पडला. मेंदडीच्या रस्त्यावर खालून घासते तेव्हा जीव जातो.
पण गाडी वर गेली की वळणावर कलते जास्त. ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, जॉइंट झिजतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय, कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मनाने फेरफार करायचे नाहीत. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर?
तिथेच दुसऱ्या गाडीचा स्ट्रट उघडत होते. स्प्रिंग तारेने बांधलेली. तिच्यावर तोंड आणून पोरगा पायात चप्पल घालून बसलेला. मी बोललो. कुणी मान वर केली नाही. निघालो.

९ ऑक्टोबर
पाऊस जातच नाही. खामगावच्या बाजूला कापायला आलेलं भात आडवं झालंय. गाडीला हात लावला नाही.

११ ऑक्टोबर
मोरब्याला एका चाचांचं गॅरेज. भिंतीला लोखंडी स्टँडवर बसवलेला कॉम्प्रेसर. आटे स्वच्छ, ग्रीस लावलेलं. आधी तेच बघितलं. चाचा म्हणाले, "मागचे तुम्ही करा, कशाला पैसे देता? पुढचे घेऊन या आणि शेजारी उभे राहा."
रात्री मागच्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
मागचे झाले.
डावा मुकाट्याने निघाला. उजव्याचा खालचा बोल्ट हलेना. खारी हवा, त्यात निसर्ग चक्रीवादळात गाडी अंगणात उघड्यावर होती. पुन्हा तेल. तासभर थांबलो. मग अप्पांच्या १७ च्या पान्याला पाइप लावून, एक पाय चौथऱ्याला टेकवून ओढलं. फाटकन आवाज आला. बोल्ट तुटला असंच वाटलं. आटा सुटला होता.
जुना शॉकअप हाताने दाबला. आत गेला तो गेलाच. नव्याचा दांडा दाबून सोडला, तर गॅसच्या दाबाने सावकाश आपला आपण वर आला. दोनतीनदा उगाच करून बघितलं.
चाकं टेकवून, मागे भाताची पोती ठेवून शेवटचं आवळलं. हातांना कंप आहे, अक्षर वाकडं येतंय.

१४ ऑक्टोबर
मागचे जमले म्हणून पुढच्यांची खुमखुमी. कॉम्प्रेसर काही फार महाग नाही. लेकीला फोन. "नाही." एवढंच म्हणाली.
विचार केला. मागच्या शॉकअपचं काही ढिलं राहिलं तर आवाज येईल, थांबून बघेन. पुढे स्टिअरिंग आहे. ब्रेकचा सगळा भार पुढे येतो. घोणसेच्या उतारावर समोर ट्रक आणि मागे आई. आणि स्ट्रट काढला की चाकांचा कोन बदलणारच, अलाइनमेंटचं मशीन मी कुठून आणू?
अप्पा एकटे कधी नव्हते. आगारात पिट होता, हेल्पर होता, गाडी बाहेर काढण्याआधी तपासणारा दुसरा माणूस होता. हे आज पहिल्यांदा सुचलं.

१६ ऑक्टोबर
मोरबा. चाचांनी काढण्याआधी बोल्टांच्या जागी खडूने खुणा केल्या. स्प्रिंग आवळताना एकदाही तोंड तिच्यावर आणलं नाही. वरच्या माउंटचं बेअरिंग हातात देऊन म्हणाले, "फिरवा." खरखर. वाळू भरल्यासारखी. वळताना आणखी एक आवाज यायचा, तो हाच. नवं टाकलं. लिंक रॉडही बदलले. बोल्ट गाडी खाली उतरवून आवळले, मी न सांगता.
तिथून माणगावला अलाइनमेंट. पडद्यावर पुढची दोन्ही चाकं लाल. पंधरा मिनिटांत हिरवी.

१७ ऑक्टोबर
मजुरी खटकली नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आईला मामाकडे महाडला नेलं. गोरेगावपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "मागचे तू बसवलेस ना?" हो म्हटलं. "आणि पुढचे?" चाचांनी. "बरं केलंस."
खड्डे आहेत तिथेच आहेत. दणका येतो, पण एकच येतो. परतताना तिने सीट धरली नव्हती.

२६ ऑक्टोबर
शेजारचा दादा त्याची इको दाखवायला घेऊन आला. चारही शॉकअप गेलेत, दिवाळीत पाहुण्यांची ने-आण झाली. म्हणतो, "तूच बसवून दे." पुढच्या रविवारी मागचे करू म्हटलं. पुढच्यांसाठी मोरब्याचा पत्ता दिला.