दोन रुपये शेकडा



जामसांवलीला मंगळवार-शनिवारी मारुतीच्या दर्शनाला गर्दी असते. मी मात्र शनिवारी मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन शाळेत जातो. आठवीच्या सहा-सात पोरांना एक्सेलवर गणित शिकवतो. शाळा हिंदी, घरची बोली मराठी. पुस्तकात ‘चक्रवृद्धि ब्याज’ आणि घरात ‘दोन रुपये शेकडा’. या दोहोंचा काही संबंध आहे, हे पोरांच्या डोक्यात नव्हतं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. वहीत मांडायला लावलं: दहा हजार रुपये, महिन्याला शेकडा दोन, परतफेड काही नाही. पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. दुसऱ्याचं २०४. तिसऱ्याचं २०८ रुपये ८ पैसे. इथे पोरं कंटाळली. पुढच्या शनिवारी एक्सेल उघडलं. हातानं करून कंटाळा आल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

मी सूत्र लिहिलं, खाली ओढलं, आणि दुसऱ्या महिन्यापासून व्याज शून्य! एक पोरगा ओरडला, “आबाजी, कर्ज तं माफच झालं!”

चूक माझीच. दराच्या घराला डॉलरचं चिन्ह लावायचं राहिलं होतं, त्यामुळे सूत्र दरासाठी खालच्या रिकाम्या घरात पाहत होतं. पण त्या चुकीतून पोरांना कळलं की बाकी दर महिन्याला बदलते, दर जागचा हलत नाही. चल आणि अचल म्हणजे काय, हे मी वेगळं शिकवलंच नाही.

चिन्ह लावून पुन्हा ओढलं. ३५व्या महिन्याला १९,९९९ रुपये. जवळजवळ दामदुप्पट. साध्या व्याजानं ५० महिने लागले असते. एका पोरीनं दर ३ करून पाहिला. २४व्या महिन्यातच दुप्पट पार. ती गप्प झाली. मीही काही विचारलं नाही.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. मी नोकरीत होतो, खातेवही हातानं लिहायचे दिवस. एक म्हातारे शेतकरी काउंटरवर आले. “साहेब, मी तं एवढेच नेले होते. हे एवढे कसे झाले?” मागे रांग होती. मी म्हणालो, “बाबाजी, नियमानंच लावलंय.” हिशोब बरोबर होता, एका पैशाची चूक नव्हती. पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. मी बी.कॉम. झालेला माणूस, पाच मिनिटं काढून चार ओळी मांडून दाखवू शकलो असतो. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

आता पोरांना मी एकच गृहपाठ देतो: घरच्या कोणत्याही कर्जाचा तक्ता करा आणि आईबाबांना ओळ न् ओळ वाचून दाखवा. मागच्या शनिवारी ती पोरगी म्हणाली, “आबाजी, बाबांनी दोनदा वाचाले लावलं.”

तुमच्यापैकी कोणी निवृत्त असाल आणि घरी जुना लॅपटॉप धूळ खात असेल, तर जवळच्या शाळेत जाऊन पाहा. सुरुवात वहीनं करा.