राहायचं कशाच्या भरवशावर?

आखातातल्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं. पाळीवर निम्म्या जणी फिलिपिनो असायच्या आणि उरलेल्या आम्ही भारतीय. त्यात मल्याळी पुष्कळ, मराठी मोजक्या. दोन वर्षांचं कंत्राट संपत आलं की सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय यायचा. कंत्राट वाढवून घ्यायचं, अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्यासाठी एनसीएलएक्स परीक्षा द्यायची, की सेबूला, इलोइलोला घरी परतायचं? फिलिपिन्समध्ये या निर्णयाला निष्ठेची कसोटी मानतात. जाणारा एक तर मातृभूमीकडे पाठ फिरवणारा ठरतो, नाही तर कुटुंबासाठी झिजणारा वीर. राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी 1988 मध्ये परदेशी राबणाऱ्या आपल्या लोकांना 'नवे वीर' म्हटलं, तेव्हापासून हा गौरव सरकारी भाषणांत कायम आहे. मला ही दूषणंही पटत नाहीत आणि ही आरतीही पटत नाही. शिकलेली माणसं केवळ जास्त पगारासाठी जातात, हे अर्धंच खरं आहे. मायदेशी आपल्या कामाला पुढची पायरी दिसत नाही म्हणून ती जातात, आणि ही पायरी बांधणं त्यांच्या हातात नसतं.

आधी पगाराचंच पाहू, कारण तिथेही मुद्दा निव्वळ रकमेचा नाही. फिलिपिन्समध्ये 2002 च्या नर्सिंग कायद्याने सरकारी नर्सची सुरुवात वेतनश्रेणी 15 पासून व्हावी असं ठरवलं. प्रत्यक्षात नेमणुका खालच्या, अकराव्या श्रेणीतच होत राहिल्या. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं आणि 2020 मध्ये अंमलबजावणी सुरू झाली. कायदा झाला त्या वर्षी नोकरीला लागलेली मुलगी एव्हाना चाळिशीला आली होती. खासगी रुग्णालयांना तर ही श्रेणी लागूच नाही. कायद्याने दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला जात नाही हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाने पुढच्या आश्वासनावर आयुष्य बेतावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यापेक्षाही बोचणारी गोष्ट म्हणजे त्या देशात नर्सेसचा तुटवडा आणि बेकारी एकाच वेळी नांदत आली आहे. 2000 नंतर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मागणी वाढली, तशी जागोजागी नर्सिंग कॉलेजं निघाली. डॉक्टर झालेली माणसंसुद्धा पुन्हा नर्सिंग शिकून परदेशी जाऊ लागली. पुढे अमेरिकेची दारं आकसली आणि परवाना असलेल्या नर्सेसचे तांडे घरी बसले. त्यातल्या कितीतरी जणींनी रुग्णालयांत 'स्वयंसेवक' म्हणून बिनपगारी काम केलं, काही ठिकाणी तर अनुभवाच्या दाखल्यासाठी उलट पैसे भरले. त्याच वेळी दूरच्या बेटांवरच्या आरोग्य केंद्रांत माणूस मिळत नव्हता. याचं कारण साधं आहे. गरज होती, पण मंजूर पदं नव्हती. जी होती त्यांत कंत्राटी अधिक. शिवाय परदेशी रुग्णालयाला नवशिकी नको असते, हाती काम बसलेली हवी असते. त्यामुळे जाते ती दोन-तीन वर्षं अतिदक्षता विभागात किंवा शस्त्रक्रियागृहात तयार झालेली नर्स. तिच्या जागी नवी येते आणि ती शिकून तयार होईपर्यंत तीही अर्ज भरते. कॉलेजं कितीही काढली तरी ही गळती थांबत नाही, ती याचमुळे.

आक्षेप असा घेतला जातो की देशाने शिकवलं, तर देशाची सेवा करणं हे कर्जच आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांच्या बाबतीत मला हे मान्य आहे. त्यांच्यावर काही वर्षांच्या सेवेची अट असते आणि ती न्याय्यच आहे. पण नर्सिंगचं शिक्षण तिथे बहुतांशी खासगी कॉलेजांतून होतं, आणि फी भरण्यासाठी घरच्यांनी जमीन गहाण टाकलेली असते किंवा आधीच परदेशी गेलेली मावशी पैसे पाठवत असते. त्या मुलीचं ऋण आहे ते घराचं. अडवण्याचा प्रयोगही झाला. एप्रिल 2020 मध्ये सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणं थांबवलं. नोव्हेंबरात बंदी उठवून वर्षाला पाच हजारांची मर्यादा घातली, आणि पुढे तीही वाढवली. बंदीने माणसं थांबली, पण त्यांच्यासाठी कायम पदं काही उगवली नाहीत. परदेशीही सुख वाट पाहत नव्हतं. अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने सप्टेंबर 2020 मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार तिथल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे 4 टक्के होत्या, आणि कोविडने दगावलेल्या नर्सेसमध्ये त्यांचा वाटा 31 टक्क्यांहून अधिक होता. हे माहीत असूनही अर्ज थांबले नाहीत.

मग कोणी म्हणेल, पगारातली दरी एवढी मोठी असताना पायरी बांधून काय होणार? याला उत्तर लेते बेटावर आहे. फिलिपिन्स विद्यापीठाने 1976 मध्ये तिथे आरोग्यविज्ञानाची एक शाळा सुरू केली. गावानेच आपला विद्यार्थी निवडून पाठवायचा. त्याने आधी सुईणीचं शिक्षण घ्यायचं, गावात काम करायचं, गावाने पुन्हा शिफारस केली की नर्स व्हायचं, आणि तसंच पुढे डॉक्टर. तिथून शिकलेले बहुसंख्य जण देशातच काम करत राहिले आहेत. अमेरिकेतले पगार त्यांनाही ठाऊक आहेत. शाळा लहान आहे आणि देशाचा सगळा भार ती उचलू शकणार नाही, हे खरंच. पण दरी तेवढीच असताना माणसं राहतात, एवढं ती ठामपणे दाखवते.

एवढं असूनही सरकार त्या वाटेने झपाट्याने जात नाही, कारण जाणाऱ्यांचा पैसा त्याला हवा आहे. 2023 मध्ये परदेशातून घरी आलेली रक्कम सुमारे 33.5 अब्ज डॉलर होती. या पैशाने घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण 1974 च्या कामगार संहितेपासून पाठवण्याची यंत्रणा पद्धतशीर वाढत गेली आणि 2021 च्या कायद्याने स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातंही आलं. जाणाऱ्यासाठी कार्यालय आहे, प्रशिक्षण आहे, विमा आहे. परतू पाहणाऱ्या माझ्या सहकारी मात्र एकच गोष्ट विचारत: पंधरा वर्षांचा अतिदक्षता विभागाचा अनुभव घेऊन गेलो, तर आपल्या प्रांताच्या रुग्णालयात कोणत्या पदावर घेतील? याचं लेखी उत्तर हाती नसताना त्या पुन्हा दोन वर्षांच्या कंत्राटावर सही करत.