आधी डबे, मग टीएमसी

पाणकिडे वर्गात पाळून पोरांना नदी शिकवायची, हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. चकलांबा गेवराई तालुक्यातलं गाव. इथं नदीचा धडा म्हणजे पाण्याचा हिशेब, अशी माझी धारणा. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, वर पैठणला १९७६ साली पूर्ण झालेलं जायकवाडी, धरणात साठा किती टीएमसी, आवर्तन कधी सुटणार. दुष्काळी भागात एवढं कळलं तरी पुष्कळ, किड्यांचं काय घेऊन बसलात, असं मी बोलून दाखवायचो.

मत बदललं ते चतुराच्या पिल्लांमुळे. पावसाळ्यात पोरांनी ओढ्याच्या डबक्यातून गाळासकट ती आणली. मातकट, सहा पायांची, अजून पंख न फुटलेली. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा. डासाची अळी जवळ आली, की तोंडाखाली दुमडलेला जबडा झपकन पुढे येतो आणि अळी गडप! तास संपला तरी पोरं हलेनात. डब्यात पाणी ओढ्याचंच घाला, नळाच्या पाण्यातली टीसीएल पावडर त्यांना सोसत नाही, असं मी सांगितलं. लगेच एका मुलीनं विचारलं, "सर, मग कापूस फवारल्यावर लोक पंप ओढ्यात धुतात, तवा काय होतं?"

टीएमसीचे आकडे शिकवताना असा प्रश्न मला कधीच आला नव्हता.

मग किड्यांवरून पाणी ओळखणं सुरू झालं. शेपटीला बारीक दोरे असलेली मेफ्लायची पिल्लं बहुतेक करून प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात राहतात. सांडपाण्याच्या काळ्या गाळात लाल अळ्या मात्र टिकतात. अंगात हिमोग्लोबिन असल्यानं त्यांचं कमी प्राणवायूवरही भागतं.

आटणारा ओढा म्हणजे मेलेला ओढा, असंही मी आता म्हणत नाही. पावसाबरोबर येणारे पिवळसर चतुर साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि दीड-दोन महिन्यांत नवी पिढी उडायला तयार होते. हे चतुर भारतातून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेला जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. एवढ्या लांबच्या वाटेला लागणारा जीव चार महिन्यांच्या पाण्यावर वाढतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टीएमसी अजूनही शिकवतो, पण नंतर. पंप ओढ्यात न धुता शेतातच धुवावेत, हा विषय पुढच्या पालकसभेत मांडायचा आहे. तो त्याच मुलीनं मांडावा, असं मी तिला सांगितलंय.