पेणहून रोह्याला आलेली

रोह्याच्या आमच्या घरात, देव्हाऱ्यातल्या मंडळींमध्ये सगळ्यात लहान चणीची तीच. उंची जेमतेम चार बोटं. मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांनी मांडीवर आडवी धरलेली पळी. डोक्यावर मुकुट होता की अंबाडा, हे आता सांगता येत नाही. तेवढा भाग घासून घासून गुळगुळीत झाला आहे. नाक तर माझ्या जन्माआधीच गेलेलं. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खुणा उरल्यात, त्यांत कुंकवाची जुनी लाली अडकून बसली आहे. पण उचलली की तिचं वजन हाताला कळतं. भरीव ओतकाम आहे. ही आमची अन्नपूर्णा, आणि घरात तिला सगळे ‘पेणची’ म्हणतात.

पेणला ती घडली नाही. पेणला देव घडतात ते शाडूचे आणि प्लॅस्टरचे. गावातल्या, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत वर्षभर गणपतीच होत असतात. तिथला आखणी करणारा कारागीर एका दमात डोळे काढतो आणि तेवढ्याने मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. ते डोळे दर भाद्रपदात नवे असतात. हिचे डोळे दर वर्षी थोडे थोडे पुसत गेले. गणपती यायला आणि जायला घडतो, ही राहायला घडली. पेणची म्हणायचं ते एवढ्यासाठी की आजीचं माहेर पेणचं, आणि लग्न होऊन आजी रोह्याला आली तेव्हा तिच्यासोबत हीही आली.

आपल्याकडे लग्नाच्या दिवशी, अंतरपाट धरायच्या आधी, मुलगी गौरीहरापाशी बसते. मामाकडची पिवळी अष्टपुत्री अंगावर, पाटावर तांदळाची रास, राशीवर अन्नपूर्णा. बाहेर वऱ्हाडाचा गलबला, सनई, मंगलाष्टकांची घाई. आणि ही मुलगी आतल्या खोलीत एकटी त्या चार बोटांच्या मूर्तीवर चिमूट चिमूट अक्षता वाहत असते. स्वतःसाठी सौभाग्य मागते, दारात येणाऱ्यासाठी आयुष्य मागते. मामा न्यायला येईपर्यंत तिला दुसरी सोबत नसते. मला लग्नाचा सगळ्यात गंभीर भाग हाच वाटतो. माहेर सोडण्याआधीची ती शेवटची निवांत वेळ, आणि ती या पितळेच्या बाईसमोर जाते. मग तीच मूर्ती, त्याच तांदळासकट, मुलीबरोबर सासरी निघते.

तेव्हा पेणहून रोह्याला रेल्वे नव्हती. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड अशा वाटेने वऱ्हाड आलं. अन्नपूर्णा आजीच्या मांडीवर, ओच्यात. उंबऱ्यावर तांदळाचं माप पायाने लवंडून आजी आत आली आणि लक्ष्मीपूजनाला ताटभर तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. माहेरचं नाव त्या ताटात संपलं. पुढे रोह्यात तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. अन्नपूर्णेचं नाव मात्र कोणी बदललं नाही. दोघी एकाच दिवशी, एकाच उंबऱ्यावरून घरात आल्या; एक नावासकट राहिली.

ही बसते ती तांदळात. देव्हाऱ्यात एक पितळी वाटी, वाटीत काठोकाठ तांदूळ, त्यात ही कमरेपर्यंत रुतलेली. दर शुक्रवारी ते तांदूळ भाताच्या पातेल्यात जातात आणि वाटीत नवे पडतात. आजी थकल्यावरही स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला विचारायची, “अगं, तिचे तांदूळ बदललेस का?” देवीचा प्रसाद निराळा द्यावा लागत नसे, तो रोजच्या भातातच असे.

तिच्या हातातल्या पळीकडे मी पुष्कळदा बघत बसतो. अन्नपूर्णेची गोष्ट काशीची. जग माया आहे, अन्नही मायाच, असं शंकर म्हणाले. पार्वती नाहीशी झाली. सगळीकडे उपासमार पसरली. आणि शेवटी शंकरांना हातात कपाल घेऊन तिच्याच दारात भिक्षेला यावं लागलं. काशीत विश्वनाथाच्या शेजारी तिचं देऊळ आहे, आजचं देऊळ थोरल्या बाजीरावांच्या काळात, 1729 मध्ये बांधलं गेलं. काशीतूनच शंभरेक वर्षांपूर्वी चोरीला गेलेली एक दगडी अन्नपूर्णा कॅनडातल्या रेजायना शहरातल्या संग्रहालयात सापडली आणि 2021 मध्ये परत आली. तिच्या एका हातात खिरीचं पात्र आहे, दुसऱ्या हातात पळी. आमच्या हिच्याजवळ पात्र नाही. महाराष्ट्रातल्या घरांत दिसणारी अन्नपूर्णा बहुधा अशीच असते, दोन्ही हात पळीवर. मग ती वाढणार कशातून? वाटीकडे बघितलं की उत्तर मिळतं. ती पात्रातच बसली आहे. वाटीत तांदूळ घालणं घरच्या माणसांचं काम, वाढणं तिचं. वाटी रिकामी राहिली तर तिच्या हातातली पळी नुसती पळी उरते. देवीने सगळं द्यावं आणि आपण हात जोडून उभं राहावं, असा हा व्यवहार नाही, आणि म्हणून मला ही मूर्ती फार मोलाची वाटते.

वाटीतल्या तांदळाला या मुलखात मोठी किंमत मोजावी लागली आहे. पेणचा खारेपाट म्हणजे खाडीच्या तोंडातून ओढून काढलेली जमीन. मातीचे बांध घालायचे, उघाड्यांतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं आत येऊ द्यायचं नाही. बांधाला एक खांड पडली तर खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं पीक देत नाही. त्या मातीत तग धरणारा तांबडा राता भात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणाऱ्या पनवेल 1, 2, 3 अशा जाती दिल्या. आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत, महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही यावर प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं, तेव्हा फार मोठ्या बहुमताने उत्तर आलं, नाही. आजीच्या माहेरचा तांदूळ याच बाजूचा. तो नुसता अक्षता म्हणून वाहण्यापुरता नव्हता, एवढं त्या मतदानाने सगळ्यांना सांगितलं.

अंगाने ही पितळेची. साधारण दोन वाटे तांबं, एक वाटा जस्त. तांबं माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक. जस्त मात्र हाती लागायला अवघड, कारण भट्टीत तापलं की ते वाफ होऊन निघून जातं. ती वाफ धरून थंड करायची विद्या उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी मिळवली. मूर्ती ओतायची रीतही जुनी: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप, मग उष्णतेने मेण काढून टाकायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मेणाच्या वजनावरून धातूचा हिशोबही दिला आहे: तांबं आणि पितळ आठपट, रुपं बारापट, सोनं सोळापट. आमची ही कोणी ओतली, कुठल्या गावच्या तांबटाने की ओताऱ्याने, याची नोंद नाही. मत्स्यपुराणाने घरात पुजायच्या मूर्तीचं माप अंगठ्याच्या पेरापासून वीतभर एवढंच धरलं आहे. त्या मापात ही चपखल बसते. माणसाच्या एका हातात मावेल, त्या हाताने न्हाऊ घालता येईल, एवढा देव घरात असावा, हा विचार मला फार शहाणा वाटतो.

न्हाऊ घालणं तिच्या वाट्याला भरपूर आलं. इथली हवा खारट आणि दमट. पावसाळ्यात चार दिवस दुर्लक्ष झालं की अंग काळवंडतं. म्हणून चिंच, राख, कधी कोकम, आणि आता पितांबरी. चिंचेचं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. पण चिंच चोपडून मूर्ती तशीच विसरली तर पितळेतलं जस्त आधी निघून जातं, तांबं मागे राहतं आणि अंगावर लालसर डाग उठतात. आजी हे रसायन शिकली नव्हती. “चिंच लावली की हात थांबवायचा नाही” एवढंच तिचं सांगणं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. वर्षातले नऊ दिवस तेवढी हिला विश्रांती. घटस्थापनेला देव विड्याच्या पानांवर बसले की दसऱ्यापर्यंत कोणी त्यांना हलवत नाही, घासत नाही. दसऱ्यानंतर गावात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, सगळं रोहा रस्त्यावर असतं. तोवर घरचे देव घासूनपुसून पुन्हा लखलखीत झालेले असतात.

देव्हाऱ्यात तिचे शेजारी बरेच. रांगता बाळकृष्ण, एक हात जमिनीवर आणि दुसऱ्यात लोण्याचा गोळा. दांड्यावर गरुड असलेली घंटा. शाळिग्राम, बाण. आणि रुप्याचे टाक. या टाकांचं आणि हिचं नातं मला उशिरा उमगलं. टाक कुळाचे. कोणाकडे खंडोबा, कोणाकडे कार्ल्याची एकवीरा. ते बापाकडून मुलाकडे जातात, भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे राहतात. त्यांच्याबरोबर कुळाचं नाव चालतं, आणि अनेक घराण्यांनी त्या नावांचे जाडजूड कुलवृत्तांत छापले आहेत. त्या ग्रंथांत सुनेला एक ओळ मिळते: सासरचं नाव, कंसात माहेरचं, पुढे मुलांची नावं. अन्नपूर्णा मात्र बाईबरोबर येते. देव्हाऱ्यात ती एकटीच अशी, जिचा या कुळाशी जन्माचा संबंध नाही, जी दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या आईच्या हातून आली आहे. घरातल्या बायकांचा वृत्तांत कुठे असेलच तर तो या चार बोटांच्या पितळेत आहे, आणि तो कोणी वाचत नाही.

माझी आई महाडहून सून म्हणून आली तेव्हा तिच्यासोबतही एक अन्नपूर्णा आली. नाकीडोळी नीटस, पळीवरची नक्षीसुद्धा शाबूत. मग प्रश्न पडला. एकाच देवतेच्या दोन मूर्ती देव्हाऱ्यात असू नयेत, असं घरच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं. कोणी सुचवलं, जुनी झिजलीच आहे, तिला कुंडलिकेत सोडा. कोणी म्हणालं, नवी तांदळाच्या डब्यात ठेवा. पुष्कळ घरांत तशी ठेवतातही. आजीने दोन्ही मूर्ती उचलल्या, मोठी वाटी आणली, तांदूळ भरले आणि दोघींना शेजारी शेजारी बसवलं. म्हणाली, “ही माझ्याबरोबर आली, ती हिच्याबरोबर. बाहेर कोणाला काढायचं?” त्यावर कोणालाही बोलता आलं नाही. शास्त्राचा मला आदर आहे, पण या बाबतीत आजीचा निवाडा मला शास्त्राहून मोठा वाटतो.

आता अन्नपूर्णा कुठेही मिळते. पुण्याच्या तुळशीबागेत, मुंबईत भुलेश्वरला, नाशिकच्या भांडी बाजारात, आणि मोबाइलवर बोट टेकवलं की घरपोच. पुष्कळ मूर्ती अलीगढ-मुरादाबादकडून येतात. त्यात वाईट काही नाही. तिथले कारागीरही हातानेच राबतात. पण घेताना उचलून बघा. पोकळ आणि हलकी घेऊ नका. अंगावर चकाकीचा पारदर्शक लेप असेल तर तीही नको. तो लेप हवेपासून पितळ राखतो खरा, पण आपल्या हातापासूनही राखतो. त्यावर चिंच चालत नाही, घासलं की पापुद्रे निघतात, म्हणून लोक तिला न्हाऊ घालणंच सोडतात आणि ती शोकेसमध्ये जाते. अन्नपूर्णेची जागा तांदळात, आणि तिने झिजायला हवं. आमच्या हिचं नाक चोराने नेलं नाही की पडून मोडलं नाही. ते आजीच्या, तिच्या आईच्या, आणि बहुधा त्याही आधीच्या कोणाच्या अंगठ्याखाली गेलं. कारण आजीला ही नवी घेऊन दिलेली नव्हती. पणजीने आपल्या वाटीतली काढून दिली होती, आणि पणजीचं माहेर कुठलं, हे आज आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून एवढं मागणं आहे. तुमच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णा असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आजच विचारा, ही कोणाबरोबर आली, कुठल्या गावाहून, आणि त्या बाईचं लग्नाआधीचं नाव काय होतं. ते एका कागदावर लिहा आणि कागद वाटीखाली ठेवा. मुलीला सासरी पाठवताना नवी घ्यायच्या आधी घरातली जुनी काढून द्या, आणि तो कागदही सोबत द्या.